साथीदारांची नावे कुठे गेली? : संगीत-ॲप आणि सीडी, काही महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दिवाळीपासून मी शास्त्रीय संगीत दोन मार्गांनी ऐकतो आहे : वार्षिक शुल्क भरून घेतलेल्या एका ॲपवर आणि घरातल्या जुन्या सीडींवर. मध्यंतरी ॲपवर डाउनलोड करून ठेवलेले मारुबिहाग रागाचे एक ध्वनिमुद्रण अचानक राखाडी झाले आणि वाजेना. बऱ्याच पत्रव्यवहारानंतर ग्राहकसेवेने कळवले की हक्कधारकाशी असलेला करार संपला आहे आणि शुल्क सेवेचे असल्यामुळे परतावा मिळणार नाही. नियमावर बोट ठेवले तर हे उत्तर बरोबरच आहे. एकरकमी पैसे घेऊन केवळ परवाना देणाऱ्यांनी ‘खरेदी’ हा शब्द वापरताना तसे स्पष्ट सांगावे, असा कायदा कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. दरवर्षी शुल्क भरणाऱ्याला त्याचाही उपयोग नाही.

तरीही माझी मुख्य तक्रार याहून वेगळी आहे. तबल्यावर कोण आहे, हे ॲप सांगत नाही. विलंबित एकतालात ठेका धरून गायकाला अर्धा-पाऊण तास मोकळे सोडणारा तबलजी, गायकाने घेतलेली सुरावटीतली खास जागा क्षणात उचलणारा संवादिनीवादक, मागे तानपुऱ्यावर बसून स्वर देणारे शिष्य, यांपैकी एकाचेही नाव मी ऐकलेल्या बहुतेक ध्वनिमुद्रणांखाली नव्हते. संगीतकाराच्या रकान्यात मात्र ‘पारंपरिक’ असे आवर्जून लिहिलेले असते. सीडीच्या इनले कार्डावर, म्हणजे डबीतल्या छापील कागदावर, ही नावे राग-तालासह छापलेली आहेत.

ही नावे सहज मिळालेली नाहीत. १९०२ साली भारतात ध्वनिमुद्रण सुरू झाले, तेव्हा गौहर जान गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारत, कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत आणि तिथल्या तंत्रज्ञांना गायिका ओळखता यावी लागे. साथीदारांची नावे तेव्हा सहसा नसत. त्यांना जागा मिळाली ती पुढे एलपीच्या, म्हणजे जास्त वेळ वाजणाऱ्या तबकडीच्या, वेष्टनावर. इतक्या वर्षांनी मिळालेला हा मान एका रिकाम्या रकान्यामुळे जावा, याचा मला मनापासून संताप येतो.

सीडीचेही सारेच सुखाचे नाही. प्लेअरचा ट्रे उघडेनासा झाला, तेव्हा दुरुस्ती करणाऱ्याने नवीन यंत्र घेण्याचा सल्ला दिला. दुसऱ्याने आतला सैल झालेला रबरी पट्टा किरकोळ पैशांत बदलून दिला. नव्या सीडी मिळणे तर फारच कठीण झाले आहे. मुंबईचे ‘ऱ्हिदम हाउस’ हे संगीताचे दुकान २०१६ मध्ये बंद झाले, तेव्हापासून माझी खरेदी मुख्यतः जुन्या बाजारातली आहे.

ध्वनीच्या दर्जाबद्दलचे माझे मत मात्र या काळात बदलले. सीडीचा आवाज ॲपपेक्षा स्पष्टपणे सरस असेल अशी माझी अपेक्षा होती. ॲपचा वरचा दर्जा निवडल्यावर घरच्या स्पीकरवर मला फरक सांगता आला नाही. प्रवासात तर ॲपच सोयीचे आहे, आणि एखादा राग चार घराण्यांत कसा गायला जातो हे ऐकायचे असेल तर त्याला तोड नाही.

तेव्हा सध्याची व्यवस्था अशी आहे. संगणकाला जोडायचा यूएसबी सीडी ड्राइव्ह आणि ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर वापरून मी सीडी एकेक करून ‘फ्लॅक’ स्वरूपात उतरवतो. यात मूळ ध्वनी जराही कमी होत नाही, जागा साधारण निम्मी लागते आणि फाइलमध्ये हवे ते रकाने जोडता येतात. मी तबला, संवादिनी, सारंगी आणि तानपुरा असे रकाने केले असून इनले कार्डावरून नावे स्वतः टंकलिखित करतो. काम वेळखाऊ आहे, पण आता एकाच तबलजीची साथ असलेल्या सगळ्या मैफली मला एकत्र काढता येतात. पैसे भरूनही ॲपवर मला हे कधी जमले नाही. फाइलींची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवतो. ॲपचे शुल्क वर्षअखेरपर्यंत भरलेले आहे, तोवर ते वापरीन. पुढच्या वर्षीची रक्कम जुन्या सीडींसाठी राखून ठेवली आहे.