जुन्या सोडा मशीनचा घाम: नागपुरातले दोन उन्हाळे, दोन पावसाळे

मागच्या वर्षी मार्चमध्ये अलंगच्या जहाजतोडीच्या बाजारातून एक जुनं अमेरिकन सोडा मशीन उचललं. नाणं टाकायचं, अरुंद दार उघडायचं आणि काचेची बाटली मानेला धरून ओढायची, त्यातलं. गोकुळपेठेतल्या आमच्या नाश्त्याच्या दुकानात ते येऊन आता दीड वर्ष झालं. पाटीवर ११५ व्होल्ट, ६० सायकल लिहिलेलं. मूळ कॉम्प्रेसर जाम होता, म्हणून इथलाच २३० व्होल्टचा, आर-१३४ए गॅसवर चालणारा बसवला. नाण्याची खाच परदेशी नाण्याच्या मापाची, तर लेथवाल्याकडून पितळी टोकन कापून घेतली. बाटल्या पहिल्या दिवसापासून गारेगार. सगळं रामायण घडलं ते पाण्यावरून.

पहिला नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ तापते दिवस. सकाळी मशीन ठणठणीत कोरडं आणि दुपारी दोनला दारावरून ओघळ, खाली थारोळं. मेकॅनिक म्हणाला, "भाऊ, गॅस उडाला असन." गॅस भरला. पाणी जैसे थे. दुसऱ्यांदा भरला, पैसे गेले, पाणी तिथंच. शेवटी पोरानं पोहे खाता खाता विचारलं, "बाबा, कूलर लावल्यावरच हे काहून रडते?"

खरंच की! आपला मे महिना कोरडा. बाहेर ४३ अंश असले तरी हवेत आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास. त्या हवेचा दवबिंदू ११ अंशांच्याही खाली. म्हणजे पत्रा ११ पर्यंत थंड झाला तरच त्यावर पाणी धरणार. पण आपण वाळ्याच्या ताट्या लावून, कूलर सोडून दुकानात मुद्दाम ओल आणतो. साडेसहाशे रुपयांचा आर्द्रतामापक टांगला: कूलर सुरू असताना ३१ अंश आणि ७० टक्के, दवबिंदू जवळपास २५. आणि दाराच्या खालच्या भागाचा पत्रा मोजला तर २१. पाणी सुटणारच. श्रावणात तर कूलरचीही गरज नव्हती, २८ अंशांना ८८ टक्के. सोळा तास मशीन गळायचं, बाटल्यांची लेबलं हातात यायची आणि टोकनच्या यंत्रणेला गंज चढला.

इथं मी एक गाढवपणा केला, तो सविस्तर सांगतो, कारण तो करायला सोपा आहे. पाणी आत दिसतंय म्हणून आतल्या टाकीचे सगळे सांधे सिलिकॉनने बंद केले. ओल तर बाहेरून येते! बाहेरच्या पत्र्याच्या फटीतून दमट हवा मधल्या ग्लासवूलमध्ये शिरायची, थंड टाकीच्या पाठीला लागून तिचं पाणी व्हायचं आणि आता ते आतही सुटेना. ओलं ग्लासवूल थंडी अडवत नाही, म्हणून पत्रा आणखी गार, म्हणून आणखी घाम. पावसाळा संपल्यावर खालचा पत्रा उघडला तेव्हा भिजलेल्या गोधडीसारखं काळपट वूल बाहेर आलं. वासाचं न सांगितलेलं बरं.

डिसेंबर-जानेवारीत, हवा कोरडी असताना, सगळं खोललं. वूल फेकलं, पीयूएफच्या, म्हणजे कडक फोमच्या, शीट मापात कापून बसवल्या, फटी फोमने भरल्या. बाहेरच्या पत्र्याचे सांधे आतल्या बाजूने अॅल्युमिनियम टेपने बंद केले, कारण ओलीला अडवायचं ते गरम बाजूला. आतलं सिलिकॉन खरवडून काढलं. बिजागऱ्या झिजून दार खाली बसलं होतं. दहाची नोट दारात धरून ओढली तर वर घट्ट, खाली अलगद सुटायची. वॉशर घालून दार उचललं आणि कडक झालेल्या रबराच्या जागी पोकळ गॅस्केट लावलं. रात्री दिवे घालवून आत टॉर्च पेटवून ठेवला. तरीही एका कोपऱ्यातून उजेडाची रेघ दिसत होती, तीही बुजवली.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची दुरुस्ती मात्र नळीची. आतलं पाणी बाहेर सोडणारी नळी खाली उघडीच होती, म्हणजे दमट हवेला राजमार्ग. पारदर्शक नळी घेऊन तिला वेलांटी दिली, त्यात पाणी साचून राहतं आणि हवा अडते. खर्च चाळीस रुपये. मात्र कोरड्या दिवसांत आत बर्फ वितळून पाणी येत नाही, वेलांटी सुकते; तेव्हा आठवड्यातून एकदा कपभर पाणी ओतावं लागतं. थर्मोस्टॅट २ अंशांवरून ६ वर आणला. गिऱ्हाइकाला फरक कळला नाही. कॉम्प्रेसरकडे परत जाणारी तांब्याची नळीही टपकायची, तिच्यावर काळ्या फोमची नळी चढवली.

दाराच्या चौकटीतली २० वॅटची हीटर वायर सगळ्यात शेवटी घातली. काहीजण सुरुवातच तिथून करतात, ते मला पटत नाही. गळक्या दाराला शेक देऊन काय होणार? ती फक्त पावसाळ्यात लावतो, दिवसाला अर्धा युनिट.

यंदाच्या नवतपात कूलर थेट मशीनवर फुंकत नाही अशा भिंतीला सरकवला. दुपारीही पत्रा कोरडा. ऑगस्टमध्ये बाटल्यांना घाम येतोच, तो यायलाच हवा, बाटली हातात घेतल्याशिवाय ती गार आहे हे कळणार कसं? मारबतीच्या दिवशी मिरवणुकीहून येऊन बघितलं तेव्हा फरशी सुकी होती, फक्त दाराच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात बोटभर ओल. ती अजून आहे. तिथल्या लाल रंगाला एक फोडही आलाय. दिवाळीनंतर हवा सुकली की तो खरवडून प्रायमर मारीन; तोवर तिथं जुनं धोतराचं फडकं खोचलेलं असतं.