‘नॅशनल’ला निवड झाली म्हणून पैसे भरण्याआधी हे वाचा

सोयाबीनचा चुकारा होतो, कापसाची पहिली वेचणी विकली जाते, आणि नेमक्या त्याच दिवसांत यवतमाळ, वाशीम, बुलडाण्याकडच्या गावांत खेळांच्या बोगस ‘सिलेक्शन ट्रायल’चे मेसेज फिरायला लागतात. हा योगायोग नव्हे. पैसा घरात कधी असतो, हे बोलावणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

पद्धत ठरलेली आहे. चाचणीचे पाचशे-हजार घेतात आणि आलेल्या जवळपास सगळ्यांची निवड होते. मग ट्रॅकसूट-किटचे दोन-तीन हजार, ‘नॅशनल’चे आठ-दहा हजार, तिथं पदक मिळालं (मिळतंच) की नेपाळच्या ‘इंटरनॅशनल’चे वीस-पंचवीस हजार. बाप कचरतोय असं दिसलं, की ट्रायल घेणारे सर घरी येतात. “भाऊ, पोट्टा इंडिया खेळून राह्यला अन् तुम्ही दहा हजाराले पाहून राह्यले?” चार शेजाऱ्यांदेखत असं विचारल्यावर नाही म्हणणं जड जातं. पैसे रोख जातात, नाहीतर सरांच्या खासगी फोनपेवर. संस्थेच्या नावाची पावती कोणी देत नाही.

स्पर्धा एका मैदानावर दोन दिवसांत उरकते. संघ म्हणजे ‘महाराष्ट्र अ’, ‘महाराष्ट्र ब’, ‘विदर्भ’ आणि शेजारच्या राज्यातली एखादी शाळा. दोन सामने जिंकले की सुवर्ण. ड्रॉ (कोण कोणाशी खेळणार त्याचा तक्ता) मागा, निकालपत्रक मागा; मिळत नाही. प्रमाणपत्र मात्र झकास: सोनेरी किनार, होलोग्राम, तीन सह्या, खाली ‘शासनमान्य’ आणि नोंदणी क्रमांक. खरी मेख त्या क्रमांकातच आहे. तो बहुतेक वेळा 1860 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखालचा असतो, नाहीतर उद्यम (लघुउद्योगांची नोंदणी) किंवा दर्पण (स्वयंसेवी संस्थांची नोंदणी) पोर्टलचा. सात माणसं जमली की सोसायटी नोंदवता येते. त्यानं खेळाला मान्यता मिळत नाही. मान्यताप्राप्त राष्ट्रीय महासंघांची यादी केंद्रीय क्रीडा मंत्रालयाच्या संकेतस्थळावर असते. महासंघाचं नाव तिथं अक्षर न् अक्षर जुळवून पाहा, कारण मूळ नावात एखादा शब्द घुसवून जुळं नाव काढणं ही जुनी खोड आहे. महासंघ खरा निघाला तर त्याची राज्य संघटना कोणती आणि तिनं या मुलाचं नाव पाठवलं का, हेही विचारा.

शालेय स्पर्धांची वाट तर सगळ्यांना माहीत असायला हवी: तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, मग राष्ट्रीय. 14, 17 आणि 19 वर्षांखालील असे गट. प्रवेश शाळेमार्फत जातो, मुख्याध्यापकांची सही लागते, आयोजन जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडं असतं. जिल्हाही न खेळलेला मुलगा थेट राष्ट्रीयला गेला, तर शाळेला त्याची खबर का नाही?

आता कडू बोलायचं. हा धंदा नुसत्या भामट्यांवर चालत नाही. कितीतरी घरी मुलाच्या खेळापेक्षा कागद हवा असतो: दहावी-बारावीचे सवलतीचे गुण आणि सरकारी भरतीतलं खेळाडूंचं 5 टक्के आरक्षण. पण भरतीत प्रमाणपत्र विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून पडताळून घ्यावं लागतं. आपल्याकडं विदर्भात ते नागपूर आणि अमरावतीला. तिथं होलोग्राम कोणी बघत नाही, स्पर्धेचं मूळ रेकॉर्ड तपासतात. ट्रॅम्पोलिन-टम्बलिंगच्या बोगस प्रमाणपत्रांचं प्रकरण महाराष्ट्रात गाजलं, अटकाही झाल्या. तरी दुकानं सुरूच आहेत.

वयाचा खेळ त्याहून वाईट. “दोन वर्षं कमी करून देतो, अंडर-14 मध्ये चमकेल,” असं म्हणत काही प्रशिक्षक जन्मदाखला बदलून आणतात. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात मात्र जुनीच तारीख राहते आणि पुढं कधीतरी दोन्ही कागद एका टेबलावर येतात. क्रिकेटमध्ये बीसीसीआय कनिष्ठ गटांत डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघते, तिथं नुसता दाखला चालत नाही. आणि तोवर बदललेल्या दाखल्याची मूळ प्रत प्रशिक्षकाच्या कपाटात असते. क्लब सोडायचं नाव काढलं, की ‘दाखल्याचं बाहेर काढू का?’ असा दम मिळतो. आईबाप तक्रार करत नाहीत, कारण अर्जावर सही त्यांचीच असते. म्हणून मुलाचे मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नका. झेरॉक्स द्या, तिच्यावर स्पर्धेचं नाव आणि तारीख लिहून.

गावोगावचे पीटीचे सर पदरमोड करून संघ तालुक्याला नेतात, त्यांच्यावर या लोकांमुळं संशय येतो, याचा राग वेगळाच.

पैसे गेलेच असतील तर मेसेज, ट्रायलचं पत्रक, यूपीआयचा व्यवहार क्रमांक जपून ठेवा. ऑनलाइन दिले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आहे. दहा घरचे बाप एकत्र गेले तर तक्रार टाळणं ठाण्याला सोपं जात नाही. आणि ते प्रमाणपत्र कुठल्याही अर्जाला जोडू नका. बनावट आहे हे कळूनही खरं म्हणून वापरलं, तर कलम 340 खाली आरोपी तुमचा मुलगा होतो.