चेतकवरचं १२ व्होल्टचं किट: एक पावसाळा आणि एक उन्हाळा वापरल्यावर

जुन्या चेतक स्कूटरला पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि १२ व्होल्टचे दिवे देणाऱ्या या किटमधली सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे वायर, आणि सगळ्यात जास्त मनस्ताप तिनेच दिला. बाकी किट चांगलं आहे, म्हणूनच संताप जास्त आहे.

माझी चेतक ६ व्होल्टची, पॉइंटवाली, म्हणजे उघडझाप करणाऱ्या धातूच्या संपर्कातून ठिणगी पाडणारी. वडिलांनी घेतलेली, त्यामुळे विकायचा विषयच नाही. पॉइंटवर माझा राग कधीच नव्हता. मॅग्नेटच्या, म्हणजे इंजिनासोबत फिरणाऱ्या चुंबकी चाकाच्या, खिडकीतून फिलर गेज (फट मोजायची पट्टी) घाला, ०.४ मिलिमीटर गॅप धरा, पॉलिश पेपर फिरवा, गाडी चालू. कुठल्याही गावातला मिस्त्री एवढं करून देतो. किटमधलं सीडीआय (ठिणगी पाडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) गेलं तर गाडी टेम्पोतच घालावी लागते, म्हणून बरीच वर्षं मी किटच्या वाटेला गेलो नाही. पण हल्ली बाजारात पॉइंटसोबत लागणारे जे कंडेन्सर मिळतात ते इतके भिकार आहेत की नवा कोरा बसवला तरी इंजिन तापल्यावर मिसिंग सुरू. शेवटी पुण्याच्या नाना पेठेतून किट आणलं. मजुरी धरून साडेचार हजारांच्या घरात गेलं, आणि तेव्हा ते मला महागच वाटलं होतं.

पावसाळ्यात मत फिरलं. पूर्वी रात्रभर भिजलेली गाडी सकाळी आडवी करून, चोक ओढून, पाय दुखेपर्यंत किक मारावी लागायची. आता दुसऱ्या किकला इंजिन धरतं. उजेडात तर जमीन-अस्मानाचा फरक आहे. ३५ वॅटच्या बल्बमुळे रात्री सासवडहून येताना खड्डा वेळेत दिसतो. सिग्नलला उभं राहिल्यावर दिवा अजूनही मंदावतो, कारण बॅटरी नाही, करंट थेट मॅग्नेटवरून येतो. ‘एलईडी टाका’ असं दुकानदार सुचवतात, ते ऐकू नका. हा एसी करंट आहे, साधा एलईडी त्यावर फडफडतो.

बसवताना काही गोष्टी मी उभं राहून करून घेतल्या. चेतक १९७२ साली आली ती मुळात व्हेस्पा स्प्रिंटवर बेतलेली. त्यामुळे ‘हा मॅग्नेट सगळ्यांना बसतो’ असं सर्रास सांगितलं जातं. पण क्रँकचा टेपर, म्हणजे मॅग्नेट बसतो ते निमुळतं टोक, जुळतोय का, हे मॅग्नेट हातात घेऊन बघा. टेपर जुळला नाही तर मॅग्नेट जागेवर धरणारी बारीक चावी तुटते आणि क्रँकही खराब होतो. मॅग्नेटच्या आतली कॉइलची प्लेट मिळेल त्या जागी आवळू देऊ नका, स्ट्रोब लाइटने टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) तपासा. ते फार अॅडव्हान्स, म्हणजे लवकर, झालं तर पिस्टन तापून जाम होतो. व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर जिथे बसतो तिथला रंग खरवडून चांगली अर्थिंग द्या, नाहीतर बल्ब पटापट उडतात. हॉर्न आणि सगळे बल्ब १२ व्होल्टचेच हवेत. आणि मॅग्नेट उतरवलाच आहे तर त्या बाजूचं ऑइल सीलही बदलून घ्या. ते झिजलं की इंजिन बाहेरची हवा ओढतं आणि अॅक्सिलरेटर सोडला तरी रेस उतरत नाही.

आता वायर. उन्हाळा लागला आणि दिवे घाटात गाडी अचानक बंद पडायला लागली. पाऊण तास सावलीत ठेवली की पहिल्या किकला चालू, जणू काही झालंच नव्हतं. दुकानात नेली. ‘दादा, सीडीआय गेलंय, नवीन घ्या. इलेक्ट्रिकच्या मालाला गॅरंटी नसते.’ म्हणजे आणखी पैसे माझेच! मी म्हटलं, आधी तुमच्याकडचं दुसरं सीडीआय लावून दाखवा. लावलं, गाडी तापवली, तरी बंद. त्यावर ‘मग कॉइल असेल’ म्हणाले. तिथे आमची चांगलीच जुंपली. दुसरं सीडीआय लावूनही फरक पडत नसेल तर गिऱ्हाइकाला अंदाजावर माल का विकायचा?

शेवटी घराजवळच्या मिस्त्रींनी डिकी काढली, गाडी चालू-बंद करायच्या चावीकडे जाणारी वायर सुटी केली. तरी ठिणगी नाही, म्हणजे चावीचा दोष नव्हता. मग प्लेटवरून येणाऱ्या वायरी जिथे इंजिनच्या भोकातून बाहेर पडतात तिथे त्यांनी बोट घातलं आणि हिरवी वायर जरा वाकवली. वरचं आवरण पापडासारखं मोडलं. आत उघडं तांबं, अगदी केसिंगला लागून. गाडी तापली, हादरली की तांबं टेकतं आणि सगळा करंट बॉडीत जातो. ऑइल आणि उष्णता दोन्ही असलेल्या जागी पंख्याला वापरतात तसली पीव्हीसी वायर घातली होती!

मिस्त्रींनी सिलिकॉनची वायर ओढली, कडेला रबरी ग्रोमेट घातलं, प्लेटवर डाग दिला. वायरीचा खर्च शंभर रुपयांच्या आतला. त्यानंतर भर मे महिन्यात दोघं बसून घाट चढलो, गाडीने एकदाही दगा दिला नाही.

तेव्हा किट घ्याच, पॉइंटकडे मी आता परत जाणार नाही. फक्त पैसे देण्याआधी प्लेटवरची वायर नखाने दाबा, वाकवून बघा. कडक लागली तर तिथेच वायर बदलून मागा, आणि दुकानदार नाही म्हणाला तर किंमत कमी करून घ्या. प्लेट एकदा आत गेली की तीच वायर बदलायला मॅग्नेट पुलर लावून सगळं पुन्हा उतरवावं लागतं, आणि ती मजुरी तुमच्याच खिशातून जाते.