एसएमपीएसकडे बोट दाखवून गळ्यात मारलेला प्रोसेसर

स्लिम डेस्कटॉपचा प्रोसेसर बदलून घेताना माझी जी फसवणूक झाली, ती तपशिलासह लिहीत आहे, कारण या प्रकारच्या संगणकांची एक खरी मर्यादाच त्या विक्रेत्याने ढाल म्हणून वापरली. आधी ठरल्यापेक्षा कमी दर्जाचा प्रोसेसर बसवण्यात आला आणि त्यामुळे झालेल्या त्रासाचे खापर एसएमपीएसवर, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या भागावर, फोडून नवा एसएमपीएसही विकण्यात आला.

संगणक इंटेलच्या चौथ्या पिढीचा होता. त्यात आय३-४१३० हा ५४ वॅटचा प्रोसेसर आणि २२० वॅटचा एसएमपीएस होता. या मॉडेलमध्ये ६५ वॅटपर्यंतचेच प्रोसेसर बसवावेत, असे उत्पादकाच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिले होते. म्हणून मी आय७-४७९०एस निवडला. नावाच्या शेवटी असलेल्या या एका अक्षराला स्लिम डेस्कटॉपमध्ये फार महत्त्व आहे: साधा ४७९० हा ८४ वॅटचा, एस अक्षराचा ६५ वॅटचा आणि टी अक्षराचा ४५ वॅटचा. हे प्रोसेसर आता जुन्या सुट्या भागांच्या व्यवहारातच मिळतात आणि त्यातही एस व टी प्रकार दुर्मीळ असल्यामुळे त्यांना जास्त भाव मिळतो. खोटेपणाला वाव मिळतो तो इथेच.

विक्रेत्याने प्रोसेसर सुटा द्यायला नकार दिला. आम्हीच बसवून दिला तरच वॉरंटी मिळेल, असे त्याने सांगितले. संगणक परत मिळाला तेव्हा कॅबिनेटच्या कडेला सील चिकटवलेले होते आणि ते फाटल्यास वॉरंटी संपेल, अशी ताकीदही मिळाली. विंडोजच्या सिस्टीमच्या पानावर ‘आय७-४७९०एस, ३.२० गिगाहर्ट्झ’ असे नाव त्याने समोर उघडून दाखवले. त्या क्षणी शंका घ्यावी असे काहीच दिसत नव्हते.

वापर सुरू झाल्यावर मात्र पंखा सतत घोंघावू लागला आणि व्हिडिओ रूपांतरासारखे जड काम लावले की थोड्याच वेळात संगणक मंदावू लागला. टास्क मॅनेजर उघडला, तेव्हा लॉजिकल प्रोसेसर, म्हणजे एकाच वेळी चालू शकणाऱ्या कामांच्या धारा (थ्रेड), चारच दिसले. आय७-४७९०एसमध्ये चार कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आणि आठ थ्रेड असतात. चार लॉजिकल प्रोसेसर तर जुन्या आय३ मध्येही होते. विचारणा केल्यावर विक्रेत्याने शांतपणे उत्तर दिले, की २२० वॅटचा एसएमपीएस अपुरा पडत असल्यामुळे प्रोसेसर अर्ध्या क्षमतेने चालतो आणि ४०० वॅटचा बसवला की उरलेले थ्रेड आपोआप सुरू होतील.

हे उत्तर धादांत खोटे आहे. वीज अपुरी पडली, तर भार वाढताच संगणक एकदम बंद पडतो किंवा पुन्हा सुरू होतो. थ्रेडची संख्या त्यामुळे कमी होत नाही. ती प्रोसेसरच्या रचनेवर ठरते, किंवा फार तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) हायपर-थ्रेडिंग, म्हणजे एका कोअरवर दोन थ्रेड चालवण्याची सोय, बंद केलेले असते. शिवाय वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या अशा संगणकात ६५ वॅटचा प्रोसेसर, मदरबोर्ड, मेमरी, डिस्क आणि पंखा हे सगळे मिळून सुस्थितीतील २२० वॅटच्या एसएमपीएसच्या आवाक्यात सहज राहते. मंदावण्याचे कारण बहुतेकदा उष्णता असते. चपट्या कॅबिनेटमधला बुटका हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) ६५ वॅटच्या हिशेबाने बनवलेला असेल, तर ८४ वॅटच्या प्रोसेसरची उष्णता त्याला झेपत नाही, आणि प्रोसेसर स्वतःच्या बचावासाठी वेग उतरवतो.

तरीही विक्रेत्याच्या आग्रहावरून, काम होत नसल्यास परत घेण्याच्या बोलीवर, तो एसएमपीएस बसवला गेला. थ्रेड चारच राहिले. या एसएमपीएसच्या लेबलवर ठळक अक्षरांत ४०० वॅट छापलेले होते, पण खालच्या बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या ओळीत १४ अँपिअर होते. म्हणजे प्रोसेसरला ज्या ओळीतून वीज मिळते, ती ओळ जेमतेम १६८ वॅट देणारी. मूळ एसएमपीएसच्या लेबलवर तीच ओळ १६ अँपिअरची, म्हणजे १९२ वॅटची होती. नवा एसएमपीएस हातात घेतल्यावर जुन्यापेक्षा हलका लागत होता आणि त्याचा जोड या मदरबोर्डला बसत नसल्यामुळे मध्ये एक अ‍ॅडॉप्टर वायर घातलेली होती.

मग मी सील काढले. हीटसिंक उतरवून प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (उष्णता हीटसिंककडे नेणारा लेप) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, तेव्हा राखाडी थराखालून धातूवर कोरलेली अक्षरे उमटत गेली: आय५-४५७०. हा ८४ वॅटचा, चार कोअर आणि चारच थ्रेडचा प्रोसेसर आहे. त्याचा मूळ वेगही ३.२० गिगाहर्ट्झच असल्यामुळे पडद्यावरचा आकडा आय७-४७९०एसशी तंतोतंत जुळत होता, आणि माझ्या मते त्याची निवड नेमकी त्यासाठीच झाली होती. विंडोजमध्ये दिसणारे नाव रजिस्ट्रीतील (विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यातील) एका नोंदीतून येते. ती नोंद दर वेळी संगणक सुरू होताना नव्याने तयार होते, म्हणून आपोआप कामे चालवणाऱ्या टास्क शेड्युलरमध्ये एक छोटी बॅच फाइल (आज्ञांची फाइल) लावून ठेवलेली सापडली. विंडोज सुरू झाले की ती खोटे नाव पुन्हा लिहीत असे.

छायाचित्रे दाखवल्यावर विक्रेत्याने एसएमपीएस परत घेतला. प्रोसेसरच्या बाबतीत मात्र त्याने बिलाकडे बोट दाखवले. त्यावर फक्त ‘प्रोसेसर अपग्रेड’ असे लिहिलेले होते, पूर्ण मॉडेल क्रमांक कुठेच नव्हता. माझा आय३ त्याने आधीच विकून टाकला होता.

असा व्यवहार करणाऱ्यांनी बिलावर शेवटच्या अक्षरासह मॉडेल क्रमांक लिहून घ्यावा, जुना प्रोसेसर स्वतःकडे ठेवावा आणि पेस्ट लावण्यापूर्वी नव्या प्रोसेसरवरील कोरलेल्या अक्षरांचे छायाचित्र घ्यावे. अक्षरे घासून नवी कोरलेले प्रोसेसरही विकले जातात, म्हणून बायोसमधले नाव पाहावे आणि स्वतःच्या पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून कोअर, थ्रेड व कॅशे (प्रोसेसरमधली जलद मेमरी) तपासावी. आय७-४७९०एसची एल३ कॅशे ८ एमबी असते, आय५-४५७०ची ६ एमबी. विक्रेत्याने विंडोजमध्ये केलेली कोणतीही मखलाशी तिथे चालत नाही, आणि ही तपासणी पैसे देण्यापूर्वी त्याच्या समोरच काही मिनिटांत होते.