आतेच्या घरचं फिलिपिनो जेवण, विमाननगर (५ पैकी साडेचार)

माझी मुलगी दावाओला मेडिकलला आहे, तिसरं वर्ष, त्यामुळे फिलिपिन्स आमच्या घरात रोजचा विषय, पण तिकडचं जेवण आम्ही कधी चाखलं नव्हतं. मैत्रिणीकडून कळलं की विमाननगरला एक फिलिपिनो बाई राहतात, नवरा पुण्याचाच, रविवारी घरीच दहा-बारा जणांना जेवायला घालतात, ऑर्डर आधी द्यायची. मग जूनमधे आम्ही सगळे गेलो, सासूबाईंसकट. तिथे सगळे तिला आते म्हणतात. आधी वाटलं आत्या म्हणतायत, पण तिकडे आते म्हणजे ताई.

त्या रविवारी १२ जूनचं स्पेशल होतं. १८९८ मधे या तारखेला त्यांनी स्पेनपासून स्वातंत्र्य जाहीर केलं, पण लगेच अमेरिका येऊन बसली आणि खरं स्वातंत्र्य मिळायला ४ जुलै १९४६ उजाडला. तरी स्वातंत्र्यदिन ते १२ जूनलाच करतात. आते म्हणाली, ४ जुलै ही त्यांनी आम्हाला दिलेली तारीख, १२ जून आमची.

आता जेवण. टेबलावर सरळ केळीची पानं अंथरलेली, मधोमध भाताची लांब रास आणि दोन्ही बाजूंनी सगळं मांडलेलं, सगळ्यांनी एकत्र हाताने जेवायचं, याला कामायान म्हणतात. सिनिगांग म्हणजे चिंचेचं आंबट सार, त्यात कोळंबी, मुळा, वांगी, चवळीच्या शेंगा, आणि तिकडची पालेभाजी इथे मिळत नाही म्हणून पालक. आंबट म्हणजे चांगलंच आंबट हं, गूळ नाही, फोडणी नाही. मी विचारलं की पुण्यातल्या लोकांसाठी थोडं गोड करत नाही का, तर म्हणाली पहिली दोन वर्षं करत होते, गूळ पण घालायचे, लाल तिखट पण, आणि मेनूवर एशियन थाळी लिहायचे, कारण फिलिपिनो लिहिलं की लोक विचारायचे चायनीजच ना. आता बंद केलं, आता सरळ फिलिपिनो लिहिते आणि आईने शिकवलं तसंच करते. हे मला फार आवडलं. चिकन अडोबो पण जबरदस्त, व्हिनेगर, सोया सॉस, भरपूर लसूण, तमालपत्र, मिरे, बस एवढंच. नाव स्पॅनिश, पण व्हिनेगरमधे शिजवायची पद्धत स्पॅनिश लोक यायच्या आधीपासूनची. सासूबाई शाकाहारी, त्यांच्यासाठी वांग्याचा अडोबो वेगळ्या भांड्यात केला होता. शेवटी उबेचा हलवा, गडद जांभळा. उबे म्हणजे आपलं कोनफळ! हिवाळ्यात मंडईतून आणते, उकडून किसून फ्रीजरला ठेवते, ते जूनपर्यंत पुरवते.

भिंतीवर हिडिलिन डियाझचा फोटो लावलाय. २०२१ मधे टोकियोला वेटलिफ्टिंगमधे फिलिपिन्सचं पहिलं ऑलिम्पिक गोल्ड तिने आणलं, १९२४ पासून ते लोक वाट बघत होते. लॉकडाऊनमधे ती मलेशियात अडकली, तेव्हा बांबूला पाण्याच्या बाटल्या बांधून सराव केला तिने. आम्ही त्यांना खाशाबा जाधवांचं सांगितलं, १९५२ चं, हेलसिंकीला जायला लोकांनी वर्गणी काढली होती ते, तर आते उठून आत गेली आणि नवऱ्याला म्हणाली हे तू मला कधीच सांगितलं नाहीस. सासूबाई इतका वेळ गप्प होत्या, मॅगसेसे हे फिलिपिन्सचे राष्ट्राध्यक्ष होते म्हटल्यावर एकदम म्हणाल्या, अगं म्हणजे बाबा आमटेंना मिळाला तो पुरस्कार? मग बाबा आमटे १९८५, प्रकाश-मंदाकिनी २००८, सगळं सांगून झालं.

एक प्रसंग सांगते. शेजारी बसलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, तुमच्याकडच्या बायका परदेशात घरकामाला जातात ना? चांगल्या मनानेच विचारलं असेल, पण मला कानकोंडं झालं. आतेने हातातलं भांडं खाली ठेवलं आणि म्हणाली, हो, माझी आई १४ वर्षं हाँगकाँगला होती, दुसऱ्यांची मुलं सांभाळली, दरवर्षी एक मोठा खोका यायचा, साबण, चॉकलेट, बूट, आणि बुटात कोंबलेले मोजे पण नवे, जागा वाया जाऊ नये म्हणून. त्या पैशांवर आम्ही तिघी भावंडं शिकलो. अशा लोकांना आमच्याकडे नवे वीर म्हणतात, पण मला तेव्हा वीर नको होती, आई हवी होती. अभिमान विचाराल तर मला तिचाच आहे. टेबलावर कोणी काही बोललं नाही. मला माझी दावाओची पोर आठवली.

निघताना तिचा दहा वर्षांचा मुलगा आला, सासूबाईंचा हात उचलून आपल्या कपाळाला लावला. मोठ्यांचा आशीर्वाद असा घेतात, मानो म्हणतात. आणि मग वाकून नमस्कार पण केला. सासूबाईंनी लगेच पर्स उघडली.

उणं सांगायचं तर जेवण ४० मिनिटं उशिरा वाढलं, लुंपिया (बारीक स्प्रिंग रोल) गार झाले होते, तिसरा मजला आणि लिफ्ट नाही, म्हाताऱ्या माणसांना जड जातं. माणशी ८५० रुपये घेतले, मला जास्त वाटले नाहीत.

जेवता जेवता मुलीला व्हिडिओ कॉल लावला होता, तिकडे चार वाजलेले. लेकीने आतेला बघून म्हटलं, मा-आयोंग हापोन. दुपारचा नमस्कार, पण टागालोगमधे नाही, बिसायामधे, दावाओत तीच बोलतात. आते सेबूची, राष्ट्रभाषा टागालोगवरून आली असली तरी तिची आईची भाषा बिसाया. तिने फोन माझ्या हातातून घेतला आणि गॅलरीत गेली, वीस मिनिटं बोलत होती दोघी. आम्हाला उबे दुसऱ्यांदा मुलानेच वाढलं.