कोकणात वापरायला जुनी हिमालयन ४११: किलोमीटर नंतर, आधी मीठ बघा

जुन्या ॲडव्हेंचर गाडीच्या जाहिरातीत पहिली ओळ ठरलेली असते: "सिंगल ओनर, फक्त १४,००० चाललेली." घाटावर या ओळीला वजन आहे. मुरूड, हर्णै, गुहागर, मालवण या पट्ट्यात तिच्यावर फार विसंबू नये. इथे गाडी किती चालली यापेक्षा रात्री कुठे उभी राहिली याचा हिशोब आधी करावा लागतो. समुद्राला लागून असलेल्या पडवीत चार पावसाळे काढलेली १४ हजारांची गाडी आणि कोल्हापुरात बंद गॅरेजमध्ये राहिलेली ४५ हजारांची गाडी समोर असतील, तर दुसरी घ्या. ती लडाख करून आलेली असली तरी चालेल. लडाखच्या रस्त्याने सस्पेन्शन थकतं, पण ते बदलता येतं. खाऱ्या हवेने गंजलेल्या चासीला इलाज नाही.

कोकणासाठी जुन्या बाजारातली आमची पहिली पसंती रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११. कारण साधं आहे. ४११ सीसीचं हवा-तेलावर थंड होणारं इंजिन, ताकद जेमतेम साडेचोवीस बीएचपी, पण ३२ न्यूटन मीटरचा टॉर्क चार-साडेचार हजार आरपीएमलाच हातात येतो. कुंभार्ली किंवा आंबोलीच्या वळणांवर डबलसीट, सामानासकट, फार गिअर न बदलता चढते. सीटची उंची ८०० मिमी, म्हणजे साडेपाच फुटांच्या माणसाचे पाय टेकतात. जंगलजेट्टीच्या, म्हणजे खाडीपार गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीच्या, ओल्या उतारावर याची किंमत कळते. जमिनीपासून २२० मिमी उंची, पुढे २१ इंची चाक, १५ लिटरची टाकी. लिटरला तीसच्या आसपास धरलं, तर एका टाकीत साडेचारशेच्या आसपास किलोमीटर होतात.

खोटही सांगायला हवी. बीएस-६ (बीएस म्हणजे धुराच्या प्रदूषणाच्या नियमांचे टप्पे) मॉडेलचं वजन १९९ किलो आहे. पुळणीत रुतली तर एकट्याने निघत नाही. मुंबई-गोवा हायवेवर नव्वद-पंचाण्णवला सुखाने चालते, त्याच्या पुढे नुसता आवाज वाढतो. चाकं ट्यूबची आहेत, त्यामुळे पंक्चर झालं की चाक खोलण्याला पर्याय नाही. अर्थात ट्यूबचं पंक्चर काढणारा माणूस दापोलीच्या आतल्या गावातही सापडतो.

आता साल. २०१६ ची कार्ब्युरेटरवाली बीएस-३ गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्या. पहिल्या खेपेच्या तक्रारी तिच्यात आहेत आणि वयही झालं आहे. २०१७ मध्ये फ्युएल इंजेक्शन आलं, पुढच्या वर्षी एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. घ्यायचीच तर एबीएस असलेली बीएस-४ ही खालची पायरी. जानेवारी २०२० पासूनच्या बीएस-६ गाडीत मागचं एबीएस बटणाने बंद करता येतं. लाल चिखलाच्या उतारावर मागचं चाक थोडं धरून ठेवायचं असतं तेव्हा हे बटण कामाला येतं. बीएस-४ वाले त्यासाठी फ्यूज उपटतात. तसं केलेली गाडी दिसली तर आणखी काय काय उपटलंय तेही शोधा. २०२१ पासून ट्रिपर नेव्हिगेशनची छोटी तबकडी आली, तिच्यासाठी जास्त पैसे मोजू नका. नोव्हेंबर २०२३ मध्ये हिमालयन ४५० आली आणि ४११ बंद झाली. पण हेच इंजिन स्क्रॅम ४११ मध्येही होतं, त्यामुळे इंजिनाच्या पार्टची काळजी नाही. नवी ४५० बाजारात आली तेव्हा एक्स-शोरूम २.६९ लाखांपासून होती. हा आकडा लक्षात ठेवला की जुन्या ४११ चे दोन लाख मागणाऱ्याशी बोलणं लवकर संपतं.

गाडी बघायला जाताना विकणाऱ्याला आधीच सांगा, "मी येईपर्यंत स्टार्ट करू नका." पोचल्यावर आधी इंजिनावर हात ठेवा. कोमट लागलं तर काहीतरी झाकलं जातंय असं समजा. थंड इंजिनाची टकटक टॅपेटची असेल तर ॲडजस्ट होते. गरम झाल्यावरही वरून जड ठोक्यासारखा आवाज येत राहिला तर रॉकर किंवा टायमिंग चेनचं काम आहे, ते गॅरेजवाल्याला ऐकवल्याशिवाय व्यवहार करू नका. ऑइलच्या काचेत दुधाळ रंग दिसला तर आत पाणी गेलेलं आहे.

यानंतर इंजिन विसरा आणि टॉर्च घेऊन खाली बसा. कोकणातल्या गाडीचा खरा निकाल इथे लागतो.

पुढच्या फोर्कवर रबरी बूट असतात. धुळीपासून संरक्षण म्हणून ते चांगले, पण समुद्रकाठी त्यांच्या आत खारट ओल अडकते आणि बाहेरून काही कळत नाही. खालची क्लिप सैल करून बूट वर सरकवा आणि पाइपवरून नख फिरवा. नख अडकलं, मोहरीएवढे खड्डे लागले, तर क्रोम खाल्लेलं आहे. असा पाइप नवं ऑइल सील महिन्याभरात फाडतो. विकणारा म्हणेल, "सील बदलून देतो." सील बदलून उपयोग नाही, पाइप बदलावे लागतात. तो खर्च किमतीतून वजा करा.

मग डबल स्टँडवर घेऊन पुढचं चाक अधांतरी करा आणि हँडल अगदी हळू फिरवा. बरोबर मधोमध खाच लागल्यासारखं अडकलं तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या मुळाची बेअरिंगं, गेला. हिमालयनचं हे जुनं दुखणं आहे. खड्ड्यांनी ठोकला जातो आणि प्रेशर वॉशरचं पाणी ग्रीस काढून टाकतं. काम फार महाग नाही, पण तसंच चालवलं तर ऐंशीच्या पुढे हँडल थरथरतं. आता मागचं चाक दोन्ही हातांनी वर उचला. आधी "टक" आणि मग शॉकअप दबतो असं झालं, तर मोनोशॉकच्या (मागच्या एकाच शॉकअपच्या) लिंकेजची, म्हणजे जोडपट्ट्यांची, बेअरिंगं सुकली आहेत. मागच्या चाकाने उडवलेला लाल चिखल थेट तिथेच बसतो आणि ते खोलून ग्रीस भरायचं काम बहुतेक सर्व्हिसमध्ये होत नाही. बोल्ट आतल्या बुशीत गंजून धरला असेल तर तो काढतानाच अर्धा दिवस जातो. चाक आडवं हलवूनही बघा; खेळ लागला तर स्विंगआर्मची (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याची) किंवा चाकाची बेअरिंगं गेली.

ब्रेक. जून २०२० मध्ये रॉयल एनफिल्डने ब्रिटन, युरोप आणि दक्षिण कोरियात विकलेल्या हिमालयन, इंटरसेप्टर आणि कॉन्टिनेंटल जीटी मिळून सुमारे १५,२०० गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या होत्या. तिकडे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात आणि त्याने ब्रेक कॅलिपर (डिस्क दाबून धरणारा भाग) गंजत होते. आपल्याकडे मीठ कुणी टाकत नाही, ते वाऱ्याबरोबर बाराही महिने येतंच. म्हणून दोन्ही चाकं अधांतरी फिरवून ब्रेक दाबा, सोडा, पुन्हा फिरवा. चाक जड फिरलं तर पिस्टन किंवा कॅलिपरच्या पिना अडकल्यात. चावी दिल्यावर एबीएसचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी चालू लागली की विझला पाहिजे. दिवा लागतच नसेल तर खुश होऊ नका. सेन्सरचा बिघाड लपवायला तो बंद केलेला असू शकतो.

स्पोकांवर पान्याने हलकं वाजवत जा. सगळ्यांचा आवाज साधारण सारखा हवा. बद्द वाजला तो सैल. निपलांवर (स्पोक ताणणाऱ्या छोट्या नटांवर) पांढरी-हिरवी पूड जमली असेल तर ती आता फिरणार नाहीत, जोर लावला की स्पोक तुटणार. साइड स्टँडचा स्विच तपासा: स्टँड वर असूनही गिअर टाकताच इंजिन बंद पडत असेल तर बहुधा त्यात वाळू आणि मीठ गेलं आहे. सीट काढून कनेक्टर उघडा. तांबं हिरवं पडलेलं दिसलं, की पावसाळ्यात गाडी कधी आणि कुठे बंद पडेल ते सांगता येत नाही.

चासीच्या खालच्या नळ्या, स्टँडचे जोड, बेंडपाइपचे बोल्ट बघा. वरवरचा लालसर थर चालतो. स्क्रूड्रायव्हरने टोकरल्यावर पोपडे निघाले तर नाही. आणि सगळ्यात संशयास्पद गोष्ट म्हणजे खालच्या बाजूला मारलेला ताजा काळा रंग. गंजावर मारलेला रंग आत ओल धरून ठेवतो आणि गंज मुकाट्याने पुढे सरकतो. त्यापेक्षा उघडा गंज बरा, निदान तो किती आहे ते दिसतं.

गाडी कोणाकडून येते त्यावरही बरंच ठरतं. चाकरमान्याची गाडी, "फक्त गणपती आणि शिमग्याला काढतो" अशी, ऐकायला गोड आणि घ्यायला वाईट. उरलेले महिने ती प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली घामेजत असते. बॅटरी मेलेली, टाकीत अर्धं पेट्रोल. आता मिळणारं ई-२० पेट्रोल ओलावा ओढून घेतं, त्यामुळे टाकीत टॉर्च मारून आतला गंज बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. सावंतवाडी-बांद्याकडे गोवा पासिंगच्या स्वस्त हिमालयन येतात. त्यांतली भाड्याने फिरलेली होती का, ते आरसीवरच्या वाहनाच्या वर्गावरून आणि नोंदणीच्या इतिहासावरून कळतं. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली गाडी पुढे खाजगी करून विकली जाते. अशा गाडीचा क्लच आधी तपासा: चढावर चौथ्या गिअरमध्ये थ्रॉटल एकदम दिला आणि आरपीएम चढले पण वेग नाही, तर क्लचप्लेटा गेल्या. चिपळूण आणि महाडची गाडी असेल, तर २२ जुलै २०२१ च्या पुराच्या वेळी ती कुठे होती हे थेट विचारा आणि विम्याचा क्लेम बघा. हेडलाइटच्या आत, सीटखालच्या कोपऱ्यात, एअर फिल्टरच्या डब्याच्या तळाशी बारीक गाळाची रेघ राहिलेली असते. धुणारा तिथपर्यंत पोचत नाही.

दुसऱ्या गाड्यांचं थोडक्यात. हीरो एक्सपल्स २०० हिमालयनपेक्षा चाळीसेक किलो हलकी. सड्यावरच्या पायवाटा, पाणंदी, पुळण असाच वापर असेल तर तीच घ्या. हायवेला मात्र दम लागतो. केटीएम ३९० ॲडव्हेंचर चालवायला सगळ्यांत मजेची, पण ८५५ मिमी सीट, रेडिएटर, भरपूर इलेक्ट्रॉनिक्स; दक्षिण रत्नागिरीत राहत असाल तर बिघाड झाल्यावर गाडी टेम्पोतून न्यावी लागेल हे धरून चाला. सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स डांबरी रस्त्याला उत्तम, ट्यूबलेस, तेलावर थंड होणारं बिनभानगडीचं इंजिन. २०२२ ची असल्याने जुन्या बाजारात अजून स्वस्त मिळत नाही.

कागद: मालकी बदलायचे नमुना २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि कर्जाची नोंद उतरवायचा नमुना ३५, परराज्यातली असेल तर नमुना २८ ची एनओसी. गोव्याच्या गाडीवर महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरावा लागतो. तो जमेस धरला की तिचा स्वस्तपणा बराचसा उतरतो. एप्रिल २०१९ च्या आधीची नोंदणी असेल तर एचएसआरपी (सरकारी सुरक्षा नंबरप्लेट) बसवली आहे का बघा, थकलेली ई-चलानं तपासा, विमा १४ दिवसांत नावावर करा.

सौदा ठरला तरी वीसेक हजार बाजूला ठेवा. टायरवरचे चार आकडे आठवडा आणि साल सांगतात. पाच वर्षांच्या पुढचे टायर नक्षी शिल्लक असली तरी ओल्या जांभ्यावर साबणासारखे घसरतात. गाडी आणल्यावर लिंकेज, कोनसेट, स्विंगआर्म खोलून ग्रीस, ब्रेक ऑइल नवं, कनेक्टरांना डायलेक्ट्रिक (वायरिंगला ओलीपासून वाचवणारं) ग्रीस. ग्रीसचं काम वर्षातून दोनदा, मे अखेर आणि ऑक्टोबरमध्ये. वेसवी-बागमांडला किंवा दाभोळ-धोपावे जेट्टीने आलात, की त्याच रात्री गोड्या पाण्याने खालून धुवा. साधी नळी पुरते, प्रेशर वॉशर नको. चेन पुसून, सुकवून मगच ल्यूब मारा. लाल मातीवर ल्यूब मारलं की चेनसॉकेट घासायची पेस्टच तयार होते.