जुन्या व्हॅनला घरी केलेला एअर स्कूप: ऊन, पाऊस, धूळ सगळ्यात वापरून झाल्यावरचा अनुभव

ज्यांच्या गाडीला एसी नाही किंवा आहे पण मागच्या सीटपर्यंत पोचत नाही त्यांच्यासाठी हे लिहितोय. स्कूप म्हणजे खिडकीला लावलेला, वाऱ्याकडे तोंड केलेला खोलगट भोंगा, जो बाहेरची हवा गाडीत ढकलतो. तो लावून आता बरेच महिने झाले आणि मागे बसणाऱ्यांची घुसमट जवळजवळ गेली, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. गाडी उभी असताना मात्र त्याचा काडीचा उपयोग नाही, सिग्नलला किंवा ट्रॅफिकमध्ये अडकलात की आतली हवा थांबलीच, त्यासाठी मी बारा व्होल्टचा छोटा फॅन वेगळा लावलाय.

माझी व्हॅन जुनी आहे, पुढच्या दोन काचा पूर्ण खाली होतात आणि मागच्या फक्त सरकतात, त्याही अर्ध्याच. ड्रायव्हरला भरपूर वारा आणि मागचे घामाने चिंब, असल्या गाडीत मागे बसलेल्या प्रत्येकाला हे माहीत असेल. आपल्याला वाटतं खिडकी उघडली की वारा आत येणारच, पण चालत्या गाडीच्या बाजूने हवा वेगाने घसरत मागे जाते आणि तिथे दाब कमी असतो, म्हणून बाजूची खिडकी बऱ्याचदा हवा आत घ्यायच्या ऐवजी बाहेर ओढते. खात्री करायची असेल तर लोकरीचा बोटभर धागा मागच्या खिडकीच्या कडेला टेपने चिकटवा आणि शेजारी बसलेल्याला बघायला सांगा, चालवताना स्वतः मान वळवू नका. आमच्या गाडीत तो धागा सरळ बाहेरच्या बाजूला ताठ होऊन फडफडत होता, म्हणजे उघडी असूनही त्या खिडकीतून आत काहीच येत नव्हतं.

कंपनीवाले ताजी हवा घेतात ती पुढच्या काचेच्या अगदी खालच्या कडेजवळून, बॉनेट संपतो तिथून, कारण तिथे समोरून येणारी हवा अडते आणि दाब जास्त असतो. पण ती हवा डॅशबोर्डच्या जाळीतून बाहेर पडते आणि पुढच्या दोघांच्या पलीकडे फारशी जात नाही. मग मागच्या खिडकीलाच वाऱ्याकडे तोंड करून काहीतरी बसवायचं, एवढीच कल्पना. जुन्या आगबोटींच्या डेकवर वाकलेल्या तोंडाचे मोठे भोंगे असायचे ना, जे वाऱ्याच्या दिशेने फिरवून खाली हवा सोडायचे, तेच तत्त्व.

वाऱ्याला तोंड दिलेल्या भोकावरचा दाब वेगाच्या वर्गाच्या हिशोबाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट की दाब चौपट. ताशी ३० किमीला जेमतेम ४० पास्कल मिळतात, ६० ला १६५ च्या आसपास आणि ८० ला जवळजवळ ३००. म्हणून गल्लीबोळात स्कूप जाणवतही नाही आणि मोकळ्या रस्त्याला लागलात की एकदम काम करायला लागतो.

बनवला तो प्लास्टिकच्या रिकाम्या कॅनपासून, जाड भिंतीचा, ज्यात फक्त पाणी असायचं असा (तेलाचा किंवा केमिकलचा कॅन अजिबात घेऊ नका, त्याचा वास थेट नाकात येईल). कॅनचा गोल वळणाचा कोपरा कापला की अर्धा स्कूप आयताच तयार असतो, तो एका सपाट प्लास्टिक शीटला रिव्हेट आणि मोठे वॉशर घालून जोडला, आणि ती शीट काचेच्या चॅनलमध्ये सरकवून काच तिच्यावर दाबून बंद केली. सांध्याला स्पंजची पट्टी. तोंड साधारण १० बाय २५ सेंमी, आणि बाहेर आलाय सुमारे १० सेंमी, साइड मिररपेक्षा कमीच. याहून कमी बाहेर काढला तर उपयोग होत नाही, कारण बॉडीला घासून जाणारी हवा मंदावलेली आणि गोंधळलेली असते, त्या थराच्या बाहेर तोंड गेलं पाहिजे. कुणी म्हणेल की रेसिंगच्या गाड्यांना असतो तसा बॉडीत आत कोरलेला त्रिकोणी नाका (NACA) डक्ट, म्हणजे हवा आत घ्यायचा खोलगट मार्ग, का नाही केला. तो प्रकार अमेरिकेत १९४५ च्या सुमारास विमानांसाठी अभ्यासला गेला, हवेला अडथळा कमी करतो हे खरं, पण त्याच्यासमोर गुळगुळीत लांब पृष्ठभाग लागतो आणि पत्रा कापावा लागतो. आपल्याला जोराची हवा हवी आणि उद्या काढून ठेवता आलं पाहिजे, त्यामुळे बाहेर डोकावणारा स्कूपच बरा.

अॅक्रिलिक वापरू नका. फुटलं की धारदार तुकडे होतात. पीव्हीसी पाइप गरम करून चपटा करणं सोपं आहे पण तो साधारण ८० अंशाला मऊ पडतो, भर उन्हात उभ्या गाडीच्या काचेजवळ तापून तो हळूहळू वाकडा व्हायची भीती राहते.

आता खरा मुद्दा, जो स्कूप बनवणाऱ्यांतले निम्मे लोक विसरतात. हवा आत यायची तर आधीची हवा बाहेर जायला वाट पाहिजे. मी मुद्दाम आधी फक्त एका बाजूचा स्कूप लावून बाकी सगळ्या काचा बंद ठेवून चालवून बघितलं, तोंडाजवळ हात धरला तर झुळूक होती पण पलीकडच्या सीटवर काहीच नाही. मग दुसऱ्या बाजूच्या खिडकीला तसाच स्कूप उलटा, म्हणजे मागे तोंड करून बसवला आणि चित्रच बदललं, कारण मागे तोंड केलेल्या भोकाजवळ दाब कमी असतो आणि ते हवा ओढून घेतं. एक ढकलतो, दुसरा ओढतो, आणि हवा सीटवरून आडवी वाहत जाते. ८० च्या वेगात खिशातला रुमाल सीटच्या पाठीवर टाकला तर त्याची कड सारखी हलत राहते, एवढा प्रवाह आहे. तुम्हाला एकच बनवायला वेळ असेल तर एक स्कूप करा आणि पलीकडच्या बाजूची मागची काच थोडी उघडी ठेवा, पण वाट द्याच.

या जोडीचा एक फायदा मला कच्च्या रस्त्यावर सापडला. चौकोनी गाडीच्या मागे कमी दाबाचा पट्टा तयार होतो, तिथे चाकांची धूळ घोंघावत राहते आणि मागच्या दाराच्या रबराला जरा जरी फट असेल तरी आत ओढली जाते, पुढच्या काचा उघड्या असतील तर अजूनच, कारण त्या आतली हवा बाहेर खेचत असतात. आता कच्चा रस्ता आला की मी पुढच्या काचा वर करतो, उलट्या स्कूपचं तोंड झाकतो, फक्त पुढे तोंड असलेला चालू ठेवतो. आत किंचित जास्त दाब राहतो, हवा फटीतून बाहेर जाते आणि मागच्या सामानावर बसणारा पिठासारखा थर बराच कमी झालाय. अट एकच, पुढच्या गाडीपासून लांब राहायचं, नाहीतर तिचीच धूळ तुम्ही गोळा कराल. एक्झॉस्टचंही तेच आहे आणि ते जास्त गंभीर आहे, मागचं दार किंवा डिकी उघडी ठेवून गाडी कधीच चालवू नका, सायलेन्सरचा धूर आत येतो आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं जड होतंय असं वाटलं तर स्कूपवर विसंबू नका, थांबा, खाली उतरा, सायलेन्सर तपासून घ्या.

पावसात काय, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. डोरेड नावाची शिडाची शर्यतीची यॉट होती, १९३० ची, तिच्यामुळे एक पेटीचा प्रकार प्रसिद्ध झाला: भोंग्यातून हवा आणि पाणी दोन्ही पेटीत येतं, पण आत जाणारा पाइप बाजूला आणि पेटीच्या तळापासून उंच असतो, पाणी तळाच्या भोकातून बाहेर आणि हवा वळून आत. मी त्याचीच छोटी आवृत्ती केली, स्कूपच्या आत एक उभी पट्टी आणि तळाला तीन भोकं. रिमझिम आणि मध्यम पावसात आत थेंब येत नाही. धो धो पावसात किंवा शेजारून ट्रकने पाणी उडवलं तर येतंच, तेव्हा मी पुढे तोंड असलेला स्कूप काढून तिथे बंद शीट सरकवतो आणि फक्त उलटा ठेवतो. त्याच्यात पाणी शिरत नाही आणि ओढण्याचं काम तो करतच राहतो, त्यामुळे काचांवर वाफही कमी धरते.

आवाज आहे, खोटं कशाला बोलू. कापलेली कड तशीच ठेवली तर ६० नंतर शिट्टी वाजते. कानस आणि पॉलिश पेपरने कड गोल केली, वर रबरी बीडिंग चढवली, शिट्टी गेली, आता फक्त वाऱ्याचा सूं सूं आवाज येतो. एकच मागची काच उघडी असताना कानात भक् भक् असे दाबाचे धक्के बसतात तो वेगळा प्रकार आहे, अख्खी केबिन रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकल्यासारखी घुमते, समोरची एखादी काच दोन बोटं खाली केली की थांबतं.

मायलेजमध्ये मला फरक दिसला नाही आणि हिशोबही तेच सांगतो, एवढ्या तोंडाचा स्कूप ८० ला साधारण २०० वॅट खातो आणि एसीचा कॉम्प्रेसर त्याच्या कितीतरी पट. पण त्याच वेगात स्कूपवर जवळपास एक किलो वजनाइतका जोर सतत असतो, समोरून मोठी गाडी गेली की त्याहून जास्त, म्हणून नुसत्या डबल टेपवर कधीच लावू नका. चॅनलमध्ये अडकवलेली शीट, शिवाय आतून एक नायलॉनची दोरी सीटच्या लोखंडी पायाला बांधलेली, म्हणजे सुटला तरी मागच्या दुचाकीवाल्याच्या अंगावर जाणार नाही. ज्यांच्या गाडीला छताच्या कडेतून उघडणारी कर्टन एअरबॅग आहे त्यांनी काचेच्या आतल्या बाजूला कडक काही येऊ देऊ नका. मिररमधलं दिसणं अडता कामा नये, आणि बाहेर किती डोकावलेलं चालतं तो तुमच्याकडचा नियम आधी बघा.

जाळी लावाच. पहिल्यांदा मी मच्छरदाणीची बारीक जाळी लावली तेव्हा प्रवाह चांगलाच कमी झाला, आता थोडी मोठ्या भोकांची आहे, चिलटं येतात पण माशी आणि मधमाशी अडते, आणि ड्रायव्हरच्या मानेवर मधमाशी येणं हा धोका आहे, गैरसोय नाही.

उन्हाबद्दल एक स्पष्ट सांगतो. बाहेर ३०-३२ अंश असेल तोवर हा स्कूप मस्त आहे, ३६-३७ ला घाम सुकतो म्हणून बरं वाटतं, चाळिशीच्या पुढे मात्र गरम झोत तोंडावर येतो आणि त्या वेळी मी तोंड अर्धं झाकतो, उलटा पूर्ण उघडा ठेवतो आणि काचांना सावलीचे पडदे लावतो. उन्हाने प्लास्टिक पांढुरकं पडायला लागलंय, रिव्हेटच्या आजूबाजूला केसाएवढी चीर दिसली की मी तो भाग नवीन करणार आहे, तोवर दर धुलाईला नखाने दाबून बघतो.